खरड छाटणी

रेमसांगाला कोल्हापूरने नेलं.
बदल्यात एक स्ट्रायकर, वय एकतीस,
उजव्या गुडघ्याला टाके,
आणि वर थोडे पैसे. किती, ते कोणी सांगत नाही.

सातपूरची दुसरी पाळी सुटली की
आम्ही पुंजाभाऊच्या टपरीवर.
"डावी बाजू आता सताड," सुफियान म्हणतो,
"गंगापूरचे दरवाजे सोडल्यासारखी."
मेल्विन देवळाली कॅम्पातून आलेला,
बाकड्यावर ग्लास मांडून नवी फळी दाखवतो.
त्याचा गोलकीपर खारी. तोही भिजून मोडतो.

निमसेची मखमलाबादला द्राक्षबाग.
"एप्रिलात आम्ही हिरवी काडीसुद्धा ठेवत नाही.
कापलं नाही तर पुढं घड कुठून आणशील?"
"काडी परत फुटते रे," मी म्हणालो,
"हा तर गाडीत बसला."

मग शिव्या. मग मालकाचं खानदान.
मग त्याचा तो चिखलातला गोल,
दरवेळी पाच पावलं लांबून मारलेला.

पुंजाभाऊ इतका वेळ गाळणं धूत होता.
"मला सोमवारीच कळलं," म्हणाला.
"रात्री आला. वही काढायला लावली.
तीनशे चाळीस झालेले, चारशे दिले.
सुटे घेईना. नवा येईल
त्याला पाजा म्हणाला."

सुफियानने सिगारेट पेटवलीच नाही.
"नाव काय त्या नव्याचं?" निमसेने विचारलं.
कोणालाच धड माहीत नव्हतं.

पुंजाभाऊने वहीचं कोरं पान काढलं,
वर लिहिलं: गुडघा.
खाली: साठ जमा.