एका काचेचे पस्तीस

अकरा वर्षं कंपनीच्या दोरीवर लटकलो.
दोरी त्यांची, हेल्मेट त्यांचं, बिलही त्यांचं.
मला फक्त पगार ठाऊक,
काचेचा भाव कधी कुणी सांगितला नाही.

आता कार्डावर माझं नाव आहे:
एकनाथ पालांडे, खिडक्या-काचा, भांडुप ते ठाणे.
पहिल्या महिन्यात ज्याने जे दिलं ते घेतलं.
एका घरी चहा आणि दोनशे,
एका घरी नुसता चहा आणि "पुढच्या वेळी बघू."

शेवंती ब्लाऊज शिवते. तिने वही ओढली.
"अस्तर लावलं की मी वेगळे घेते.
तुझ्या काचेला दुसरी बाजू नाही?"
मग लिहिलं: आतून पंधरा, बाहेरून वीस.
पेन तिने तसंच धरून ठेवलं.
"बाहेरच्या बाजूला खाली चौदा मजले असतात.
त्यांचे पाचच?"
त्यांचे लावले तर कुणी बोलावणार नाही, म्हटलं.
तिने पाचाच्या आकड्यावरून पुन्हा एकदा पेन फिरवलं,
खोडला नाही.

मग वर्ष मांडलं.
भाडं, पोरीची फी, विम्याचा हप्ता,
दर दोन वर्षांनी नवी दोरी
(दोरीलाही वय असतं, तोंडावर दिसत नाही),
रबराची पट्टी, जी बोथट झाली की काचेवर मिशा उमटतात.
जुलै-ऑगस्ट शून्य.
गुडघ्याचे म्हणून काही. किती, ते ठरलं नाही.
साडेतीन लाख. कामाचे दिवस अडीचशे.
रोजचे चौदाशे.
म्हणजे चाळीस काचा.
रात्री डोळे मिटूनही मोजत होतो,
सदतीसच्या पुढे जाईना.

आज मुलुंडला, कारखानीस मॅडमकडे, सव्वीस काचा.
नऊशे दहा.
"सोसायटीचा मुलगा पाचशेत करतो. तुम्ही सातशे घ्या, राउंड."
एरवी मान हलली असती.
"सातशेत वीस काचा बसतात, मॅडम.
कुठल्या सहा ठेवू?"

भांडण म्हणून नव्हतं. हिशोबच तसा होता.
त्या हसल्या, मग खरंच निघाल्या घरभर बोट दाखवत.
ही स्टोअरची. ही बाथरूमची... नको, ती करा.
ही हॉलची. छे.
आतल्या छोट्या खोलीत थांबल्या.
खालच्या काचेवर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर,
दोन तळवे. तुपकट, लहान.
"ही एक राहू दे."

मी विचारलं नाही.
पंचवीस काचा. आठशे पंचाहत्तर, रोख.
त्या एका काचेच्या शेजारून पट्टी नेताना
हात जरा आवरून धरला,
त्याचे काही लावले नाहीत.

खाली येऊन वही काढली.
पाचशे पंचवीस कमी. पंधरा काचा.
चार वाजलेत. समोरच्या टॉवरवर ऊन तिरपं झालंय,
आणि तिरप्या उन्हात
कुणाच्या काचा मळल्यात
ते खालूनच दिसतं.