दोन रकाने

वर्कशीट परत आलंय, सगळं पुन्हा करायचंय.
डावीकडे लिटरल, उजवीकडे फिगरेटिव्ह.
युक्ता सांगते, डावीकडचं म्हणजे जसं आहे तसं
आणि उजवीकडचं, जसं नाही तसं.
मी म्हणते, बरं.
दिवाळ्याच्या जेटीवरून आत्ताच आलेय,
हाताला पापलेटाचा वास,
म्हणून कागदाला शिवत नाही. लांबूनच बघते.

पहिलंच, ब्रेक द आइस.
तिनं ते डावीकडे टाकलेलं
आणि बाजूला पेन्सिलीनं एक बाई काढलेली,
पदर खोचलेली, हातात सोटा, पुढ्यात बर्फाची लादी.
कुरियन मिसनी लाल फुली मारली आहे.
बाईवर नाही, बाईच्या अगदी शेजारी.
अनोळखी माणसांत कुणीतरी आधी बोलायचं,
मग बर्फ फुटतो म्हणे.
फुटत असेल.
माझा पहाटे चारला फुटतो
आणि कपच्या उडून डोळ्याखाली लागतात.

मग स्केल. एका शब्दाचे तीन अर्थ लिहा.
तिला कंपासमधली पट्टी सुचली.
मी म्हटलं, तराजू.
मोबाइलमध्ये बघून ती ओरडली, आई, खवलेसुद्धा!
मला हसूच फुटलं.
म्हणजे तिकडच्या कोळणी
स्केल काढून स्केलवर ठेवत असणार,
आणि गिऱ्हाईक तरीही भांडत असणार.

पुढे, फिश आउट ऑफ वॉटर.
तिनं लिहिलेलं, मरतो.
ते खोडून वर, अनकम्फर्टेबल.
म्हणजे काय गं?
म्हणजे अवघडल्यासारखं.
टोपलीतली बोयटं रोज बघते मी.
कल्ला उघडतो, मिटतो, उघडतो.
अवघडल्यासारखं नसतं ते.

पण मग ॲडमिशनचा दिवस आठवला,
एसीची खोली, फॉर्मवरचा आईच्या कामाचा रकाना,
बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं
आणि माझं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं.
म्हटलं, तुझंही बरोबर, मिसचंही. दोन्ही लिही.
नाही लिहिलं. अर्धा मार्क जातो.
आणि निवटी? मी विचारलं.
खाडीच्या चिखलावर, भर उन्हात, पाण्याबाहेर
डोळे वर काढून बसते ती. चालतेसुद्धा.
ती कुठल्या रकान्यात?
आई, निवटी सिलॅबसमध्ये नाहीये.

साडेनऊ वाजले. भात गार झाला.
मी एकदा फिगर म्हटलं, एकदा फिगरेटी,
तिनं दोन्हीदा सुधारलं, ओठ दुमडून, मिससारखे.
मी म्हटलं, पुरे, नाकानं कांदे सोलू नकोस.

तिनं मान वर केली.
नाकानं? कसे सोलणार?

चेष्टा नव्हती. खरंच विचारत होती,
एका हातानं नाक चाचपून बघत.

बाहेर कुणाची तरी बाइक सुरू होत नव्हती,
किक, किक, पुन्हा किक.
माझ्या आईनं हे मला कधी समजावलं नव्हतं.
नुसतं म्हणायची, आणि मी गप्प व्हायचे,
म्हणजे कळत असणार.

कागद उलटा कर, म्हटलं.
मागची बाजू कोरी होती.
तिनं पट्टी ठेवून मधोमध रेघ ओढली, जरा तिरकी गेली.
डावीकडे लिहू की उजवीकडे?

थांब, म्हटलं,
हात धुऊन येते.