राखण

मनामात रात्रपाळीला एसी इतका थंड
की जुलैतही मी स्वेटर घालते.
खिडकीच्या काचा धुरकटलेल्या,
आत मी, मायक्रोस्कोप, आणि नमुना चारशे सहा:
पुरुष, एकेचाळीस, आतड्याची गाठ.
नाव लिहिलेलं नसतं. बरं असतं ते.

रंग चढला. गाठ निळसर,
आणि तिच्याभोवती, तिच्या पोटातसुद्धा,
तपकिरी ठिपके. भक्षकपेशी.
याच माणसाच्या हाडांत जन्मलेल्या,
परक्याला गिळायचं एवढं शिकून निघालेल्या.
इतक्या, की मोजताना मी दोनदा चुकले.

नवी होते तेव्हा वाटायचं, गर्दी म्हणजे लढाई.
डॉक्टर बुशरा म्हणाल्या, नीट बघ,
लढणाऱ्या कुठे आहेत?
त्या कडेला होत्या, वेशीबाहेर ताटकळत.
त्यांना आत येऊ देत नव्हत्या
त्यांच्याच घरच्या.

कुंपणच शेत खातं, आई म्हणायची.
इथे खात नाही. तणाची राखण करतं,
त्याच्यासाठी रक्ताचे पाट काढून देतं.
आणि फितूर म्हणावं, तर तेही धड नाही.
गाठ हाक मारते ती जखमेच्या आवाजात.
या धावत येतात मलमपट्टीला.
आधी आग विझवायची, गोंगाट थांबवायचा,
मग सांधायचं,
हे त्यांना खरंच येतं.
फक्त ही जखम भरत नाही.

साडेपाचला हेरंबचा फोन, सित्राच्या कॅम्पवरून.
तीन महिने पगार नाही म्हणून
माणसं बसमध्ये चढेनात. कंपनीने त्याला पाठवलेलं.
तो त्यांच्यातलाच. पाच वर्षं त्याच खोल्यांत,
वरच्या बंकवर काढलेली.
भोजपुरी येते, तेलुगू येते, कामापुरती बंगाली.
"निवळलं गं," म्हणाला. "चहा पाजला सगळ्यांना.
पोलीस आले नाहीत, कुणाचं डोकं फुटलं नाही.
आत्ताच गेल्या बसेस."
आवाज बसलेला होता,
आणि त्यात समाधान होतं, खोटं नव्हे.

मी विचारलं, पगार?
तो म्हणाला, बघू.
मग म्हणाला, येताना अंडी आणू का.

अहवालात एक रकाना आहे,
भक्षकपेशींचं प्रमाण: कमी, मध्यम, जास्त.
"जास्त"वर खूण केली.
उजाडत होतं. बाही ओढून
खिडकीची काच पुसायला गेले,
तर वाफ बाहेरच्या बाजूला होती.