पुढचं डावं दार

फैजपूरला सावदा रोडवर, टिनाच्या शेडखाली
मे महिन्यात पाना तसाच हातात धरवत नाही,
आधी बादलीत बुडवायचा.
तशा दुपारी बेंडाळे सर आले,
बाजूच्या सीटवर द्वारकाबाई.
काच अर्धी खाली, तिथंच मेलेली.

सरांनी मला गाडीमागं नेलं, हळू बोलले,
‘मुनाफ, तिले मधून दार उघडता नही आलं पाह्यजे.
परवा मोर नदीच्या पुलावर, चालत्या गाडीत...’
पुढचं गिळलं.
सर, चाइल्ड लॉक मागच्या दारांनाच असतं.
‘मागं ती बसत नही भो.
चाळीस वर्षं माह्या बाजूले बसली.’

पॅड उघडलं. क्लिपा तडातड तुटल्या दोन.
आत केळीच्या ट्रकांमागची सगळी धूळ,
आणि खडूचा एक तुकडा, कधी कसा गेला कोण जाणे.
फ्यूज चांगला. बटण चांगलं.
मोटरला सरळ करंट दिला तर फिरते.
मग दार आणि बॉडीमधली रबरी नळी सोलली,
वायर रोज वाकते ती जागा.
वरून कातडी अख्खी, आत तांबं तुटलेलं.
बोटांनी चाचपलं तरच कळतं.
सर ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

हिरवी हिरवीला, लाल-पांढरी लाल-पांढरीला,
डाग दिला, टेप गुंडाळला.
मग आतल्या हँडलची सळई लॉकवरून काढली.
वीस वर्षांत हे काम कुणी सांगितलं नव्हतं.
हँडल आता नुसतं दिसायला.
ओढा, कितीही ओढा.

चावी फिरवली. बाईंनी बटण दाबलं.
काच खाली. वर. खाली. वर.
एसीचा गारवा सगळा रस्त्यावर गेला,
कुणी अडवलं नाही.
मग त्यांनी हँडल ओढलं. परत ओढलं.
माझ्याकडे पाहिलं,
पाटीवर थुंकणाऱ्या पोराकडे पाहावं तसं.
आणि काच पार खाली, हात बाहेर,
बाहेरचं हँडल, खट्.
उतरल्या. पदर सारखा केला.
‘मुनाफ तडवी ना तू? सातवी ब.
तेरा सत्ते?’
‘एक्क्याण्णव, बाई.’

सर हसले. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईतो.
मग तसेच हसता हसता
चार बोटं जोडून मला दाखवली:
एवढीच उघडू दे.

पॅड पुन्हा काढलं.
जुन्या टायरचा रबर कापून
काचेच्या वाटेत आडवा बसवला.
वारा येईल, हात जाणार नाही.
बाई स्टुलावर उसाचा रस पीत होत्या,
बर्फ चावायचा आवाज येत होता.
मी त्यांच्याकडे पाठ करून काम केलं.

किती झाले, सरांनी विचारलं.
साडेचारशे, मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं,
घ्यायचे नव्हते.

गाडी केळीच्या बागांकडे वळली
तेव्हा त्या फटीतून
चार बोटं बाहेर आली होती,
अंगठा आतच राहिलेला.