बसव्वा कँटीन, दोनदा

उद्यमबागेतली फौंड्री बंद पडून चार वर्षं झाली.
भरमाण्णा येळ्ळूरकर, पॅटर्नमेकर,
अनगोळच्या माझ्या दुकानात काउंटरवर फोन ठेवतात,
नुकतं पॉलिश मारलेलं लाकूड ठेवावं तसा.
"दोनशे चौदा माणसं हायत ह्यात.
पतसंस्थेला पाठवायची. ठेवी परत देणार म्हणे.
काल पाठिवली, तर एकटा सीतारामच पोचला की."

खरंच. फाईल एक, कार्डं दोनशे चौदा,
आणि तिकडच्या मेलनं पहिलं कार्ड आत घेऊन
दार लावून टाकलेलं.

मी फाईल फोडते. कार्ड न् कार्ड सुटं करून पाठवते.
पतसंस्थेतून महांतेशचा फोन:
"मॅडम, इंग्रजीत लिहिलेली तेवढी आली."
वाचून दाखवतो:
भट्टी, सीताराम.
लेथ, पाशा.
कोळसा, गुरुसिद्धप्पा.
भरमाण्णा खूश. "आडनावं बरोबर लावली की मशीननं!"

"बाकीच्यांचं काय?"
"बाकी नुसते आकडे, मॅडम. आणि बरोबरची चिन्हं."

नोटपॅडमध्ये उघडून बघते.
एकेका अक्षराचे तीन तीन तुकडे,
प्रत्येक तुकड्याआधी बरोबरची खूण,
गणित सोडवायला घेऊन कुणी उठून गेल्यासारखी.
ई-शून्य, ए-चार, ए-सी. हा आपला ब.
चार कार्डं खाली
ई-शून्य, बी-दोन, ए-सी. हा कानडी ब.
पुन्हा बघते. पहिला तुकडा तोच, शेवटचा तोच.
समोरचा टायरवाला शिडीवर चढून
पाटी रंगवतोय. ह्या वर्षातली दुसरी खेप.

फाईल जुन्या ठेवणीची. दोन पॉइंट एकची तीन करते,
युनिकोडमध्ये पुन्हा बांधते,
आणि नावं एकेक करून शुद्धीवर येतात.
मग संगणक विचारतो: एकच नंबर दोनदा आहे, एकत्र करू?

बसव्वा कँटीन, मराठीत.
बसव्वा, कानडीत.

"हे दुसरं कुणी लिहिलं, काका?"
"तिनंच. कुलूप लागलं त्या दिवशी.
फोन मागून घेतला, बघितलं, म्हणाली,
तुझ्या फोनात कँटीन हाय. मी कुठं हाय?"

"मग कुठलं ठेवू?"

भरमाण्णा चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाला पुसतात,
पुन्हा घालतात. चष्मा होता तसाच.
"कँटीनची उधारी बी बुडालीया, तिची ठेव बी.
दोन्ही ऱ्हाऊ देत."

पाठवते.
फोनवर तिकडे पंखा ऐकू येतो, कुणाचा तरी खोकला,
माऊसची टकटक.
"बंतु, मॅडम! बंतु. सगळी आली.
फक्त बसव्वा दोनदा आलीय. एक काढू काय?"

भरमाण्णा
माझ्या हातातून फोन घेतात.