डावरी

धनसुखभाई खरादीच्या दुकानात
लाखेचा वास,
पाळण्याचे लाल-पिवळे पाय भिंतीला टेकून उभे.
पिशवीतून काठवट काढली
तर तो म्हणाला, कथरोट.
मी म्हणालो, काठवट.
दोघांनीही तेवढ्यावर सोडून दिलं.
बडोद्यात असल्या गोष्टींवर
कुणी अडून बसत नाही.

चीर दाखवली. काठापासून चार बोटं,
गेल्या उन्हाळ्यात पडलेली,
वापर नव्हता म्हणून.
लाकडाला रोज पीठपाणी लागतं,
नाहीतर ते आपलं आपण तडकतं.
हे मला जशीबेननं सांगितलं,
शेजारच्या गॅलरीतून,
उशिरा.

धनसुखभाईनं चिरेकडे पाहिलंच नाही.
आतून अंगठा फिरवला.
खळगा मधोमध नव्हता,
डावीकडे सरकलेला, खोल,
एका तळव्याच्या मापाचा.
घरमां कोण डाबोडी छे?
मी उत्तर देताना
फक्त काळ बदलला.

वेणू.
जेवताना, आरतीला, हळदीकुंकवाला
माझ्या आईनं तिचा डावा हात
दटावून दटावून पदराखाली घातला.
भाकरीपुरता सोडला,
कारण उजव्यानं थापलेली फुगत नव्हती
आणि ताटावर माणसं आठ.
पस्तीस वर्षं
दिवसातून दोनदा, तेवढ्या वितीभर जागेत,
ती डावरी होती.

प्रतापनगरच्या वर्कशॉपात मी
केसाएवढा फरक बोटांनी पकडायचो.
हा खळगा मला कधी दिसला नाही.
मी स्वयंपाकघरात यायचो
तेव्हा तो पिठाखाली असायचा.

आता भाकरी मी करतो. बाजरीची, वाईट.
माझा हात पडतो सपाट बाजूला,
पीठ पळत राहतं,
गोळा होता होत नाही.
लेथवर चढवा, म्हणालो,
आतून सगळी सारखी करून द्या.

तो काही बोलला नाही.
काठवट फळीवर ठेवली
आणि नुसती फिरवली. अर्धी.
खळगा माझ्या उजवीकडे आला.

चिरेवर पितळेची पट्टी, चार चुका.
साठ रुपये.
त्यानं मागितले चाळीस, पण सुटे नव्हते,
आणि मला तिथून लवकर निघायचं होतं.

रात्री परातीसारखी मांडी घालून बसलो,
पट्टी मनगटाला गार लागली.
हात बसतो खळग्यात,
पण अगदी पुरा नाही.
तिचं मनगट जिथं टेकायचं
तिथं माझी बोटं पोचतात,
आणि तिची बोटं जिथं संपायची
तिथं माझं मनगट.
हिशेब केला तर
ती समोर बसलेली आहे,
माझ्याकडे तोंड करून.

पाणी जरा जास्तच झालंय.