ताट

वर्तकनगरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला
तारेनं आवळून बांधलाय अँटेना,
बोंबलाच्या काट्यासारखा.
सेक्रेटरीला सांगितलं, टीव्हीचा आहे.

समोर येऊरचा डोंगर, सगळा सारखाच हिरवा.
त्यात आमचं घर कुठलं,
तिथेच जन्मलो तरी इथून सांगता येईना.
नकाशात अंतर साडेतीन किलोमीटर.
नकाशात ऐनाची झाडं नसतात.

आयेचा फोन टेकाडावरच्या जांभळाखालीच लागतो,
तोही वाऱ्याच्या मर्जीनं.
म्हणाली, "घरी जाते. ताट दाखवते."
फोन कट.

मग सकाळच्या उन्हात डोंगराच्या पोटात
काहीतरी चमकलं.
विझलं. पुन्हा चमकलं.
पाखरं हाकावीत तशी हलवत होती.

नट सैल केला. अँटेना बोटभर डावीकडे,
केसभर वर.
लॅपटॉपवर उणे ब्याण्णव. उणे ऐंशी.
उणे एकाहत्तर.
पाना हातातच राहिला.

आता रोज रात्री दिसते.
जास्त करून कपाळच दिसतं.
पानं भिजलेली असली की चित्र थिजतं,
तोंड अर्धं उघडं,
शब्द मागाहून एकटाच येतो.

काल म्हणाली, "सकाळी नेट गेलेलं.
म्हटलं, कावळ्यानं हलवलं असेल तुझं ते.
ताट धरून उभी राहिले जरा वेळ.
दिसलं ना?"

सकाळी मी घोडबंदरला होतो, कुणाच्या तरी
फ्लॅटमध्ये वायर ओढत.

"दिसलं," म्हणालो.